गिटारला रंगाचा शेवटचा हात

१ जानेवारी १९८४, रविवार

नवीन डायरी. ऑफिसात साहेबांना तीन आल्या, त्यातली एक मला दिली. यात फालतू काही लिहायचं नाही. फक्त कामाची प्रगती.

या वर्षीचा संकल्प एकच. इलेक्ट्रिक गिटार.

तशी गिटार झालेलीच आहे. बॉडी सागवानी, कोंडाजी सुताराने माझ्या ड्रॉइंगबरहुकूम कापून दिली. ड्रॉइंग मी एका कॅलेंडरवरून काढलं. कोंडाजीने विचारलं की हा पाट असेल तर याला शिंगं कशाला. त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. मान देवळालीच्या एका साहेबाच्या मोडक्या गिटारची मिळाली. आवाज पकडायचा पिकअप मुंबईहून आणला. राहिला फक्त रंग.

रंग निळा. भीमजयंतीला निळाच शोभतो.

प्लॅन: आज घासणे. मंगळवारी पहिला हात, बुधवारी दुसरा. गुरुवारी मान बसवणे, तारा चढवणे. मग पंधरा दिवसांत वाजवायला शिकणे. जयंती १४ एप्रिलला. म्हणजे मध्ये पावणेतीन महिने शिल्लक राहतात. त्यांचं काय करायचं ते नंतर बघू.

संध्याकाळी मल्हारीला सांगितलं. मल्हारी पगारे आमच्या उजेड गायन पार्टीचा मुख्य, पेटी वाजवतो आणि गातो. मी पार्टीत बारा वर्षं आहे. कोरस आणि खंजिरी. गेल्या जयंतीला माझ्यासमोरचा माइक उचलून ढोलकीपुढे ठेवला होता. पण गिटारवाल्याच्या पुढचा माइक कोण उचलतो ते बघायचंय.

मल्हारी म्हणाला, चांगलंय. एवढंच. भारावला असावा.

३ जानेवारी, मंगळवार

खिडकीच्या गजांना मारून उरलेला निळा ऑइल पेंट घरात होताच. ब्रशने एक हात दिला. ब्रशचे केस रंगात चिकटले. नऊ काढले. दहावा दिसतो पण हाताला लागत नाही. वाळल्यावर काढीन.

आज प्रॅक्टिस होती. रंग ओला सोडून जाणं बरं नाही. हिला, म्हणजे लंकाला, निरोप देऊन समाजमंदिरात पाठवलं.

४ जानेवारी, बुधवार

केस वाळला. आता तो निघत नाही.

८ जानेवारी, रविवार

ब्रशच्या रेघा दिसतात. लांबून दिसत नाहीत, पण मी काही लांब उभा राहून वाजवणार नाही. निष्कर्ष: ब्रश हे भिंतीचं हत्यार आहे. गिटारला स्प्रेच हवा, आणि रंग मोटारीचा, ड्यूको.

दुपारी लहानू आला. हिचा धाकटा भाऊ. मालेगावला ट्रकच्या बॉड्या रंगवतो. बोलतो कमी, जेवतो भरपूर. गिटार हातात घेऊन नखाने रंग खरवडून पाहिला. मला न विचारता.

"दाजी, ऑइलवर ड्यूको मारू नका. उकलून येईल. आधी हे सगळं खरवडून काढा."

मी त्याला सांगितलं की ट्रक वेगळा आणि वाद्य वेगळं. तो म्हणाला लाकूड लाकूडच असतं. मी त्याला वांग्याची भाजी परत वाढायला सांगितली.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. सबंध नाशिक गच्चीवर. आमच्या अंगणात पाच कटलेले पतंग पडले, एक थेट गिटारवर. मांजा ओल्या रंगात रुतला. ओला कसा, तर मी रेघा दिसू नयेत म्हणून पुन्हा एक ऑइलचा हात दिला होता. हे डायरीत लिहायचं राहिलं होतं.

लंका निरोप द्यायला गेली ती दोन तासांनी आली. म्हटलं निरोप तीन शब्दांचा होता, "रंग ओला आहे". म्हणाली कोरसला माणूस कमी होतं, मल्हारीभाऊंनी बसवून घेतलं. मी म्हटलं हरकत नाही. माझी जागा गरम राहते.

१५ जानेवारी, रविवार

डास मारायचा पंप धुऊन घेतला. ड्यूको, थिनर, सगळं प्रमाणात. बॉडी पेरूच्या फांदीला तारेने टांगली. सकाळी नऊला पहिला फवारा.

पाच मिनिटं इतकी सुंदर दिसली की मी लंकाला हाक मारून बाहेर बोलावलं. ती हात पुसत येईपर्यंत सुरकुत्या पडायला लागल्या. दुधावर साय धरते तशा. मग साय फाटली आणि खालचा ऑइल पेंट वर आला.

लंका बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, लहानूला सांगायचं का.

मी म्हटलं सांगायची गरज नाही. आजची हवाच खराब आहे.

२६ जानेवारी, गुरुवार

झेंडावंदन करून आलो आणि दिवसभर खरवडलं. ऑइल पेंट, ड्यूको, केस, मांजा, सगळं निघालं. लाकूडही थोडं निघालं. एक शिंग दुसऱ्यापेक्षा बारीक झालंय. मोठ्या गिटारींना एक शिंग लहानच असतं, असं वाटतं.

उजव्या हाताला फोड. गिटार शिकणं त्यामुळे लांबणीवर. शिकायचं पुस्तक आणून ठेवलंय. पहिल्या धड्यात गिटार कशी पुसावी ते आहे. तो वाचून झाला.

५ फेब्रुवारी, रविवार

लहानूने गॅरेजची जुनी स्प्रे गन पाठवली. मी मागितली नव्हती. लंकाने पत्र टाकलेलं दिसतं. ठेवून घेतली, परत पाठवली तर त्याला वाईट वाटेल. सोबत चिठ्ठी: खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरा, वॉटर पेपरने घासा, अस्तर मारा, मग रंगाचे पातळ हात, दोन हातांमध्ये वाळू द्या. घाई नको. शेवटचं वाक्य दोनदा लिहिलंय.

हवेचा प्रश्न पुंजा सायकलवाल्याने सोडवला. त्याच्याकडे पंक्चरसाठी कॉम्प्रेसर आहे. गिटार सायकलला बांधून नेली. दुकानासमोर रस्ता, रस्त्यावर ट्रक. पहिला हात मारायला आणि कांद्याचा ट्रक जायला एकच गाठ पडली. रंगावर धूळ, धुळीत कांद्याची सालं. एक साल निळ्यावर फार ठळक दिसतं.

पुंजा म्हणाला, डिझाइन राहू दे. तो हसत होता की नाही ते कळलं नाही. तोंडात व्हॉल्व्ह धरला होता.

१२ फेब्रुवारी, रविवार

घासलं. पुन्हा मारला. या वेळी रस्त्यावर बादलीभर पाणी शिंपडलं. धूळ नाही. पण कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचलेलं, ते रंगाबरोबर आलं. सगळीकडे फोड. अंगावर गोवर यावा तशी गिटार.

पुंजा म्हणाला की त्याच्याकडच्या हवेने आजपर्यंत एकाही ट्यूबला गोवर आलेला नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार

लंका आता मंगळवारी आणि शनिवारी स्वतःहूनच जाते. निरोप द्यायचा असतो म्हणून. आज मी म्हटलं, निरोप काय देणार, तर म्हणाली, तोच.

भाकरी थापताना गात होती. मी स्वयंपाकघराच्या दारात वॉटर पेपर घेऊन घासत होतो. तिला सांगितलं की गाणं बंद कर, मला हाताचा अंदाज राहत नाही. गप्प बसली. मग अंदाज आणखीच गेला. शेवटी सांगितलं, गा, पण हळू.

आवाज बरा आहे हिचा. तालीम मात्र नाही. माझ्यासारखी बारा वर्षं घालवावी लागतात.

२६ फेब्रुवारी, रविवार

घरातल्या घरात करायचं ठरवलं. न्हाणीघरात. धूळ नाही, ट्रक नाही, वारा नाही. कॉम्प्रेसर पुंजाने दारापर्यंत आणून दिला आणि "माझं काम झालं" म्हणून निघून गेला.

दार लावून मारलं. थिनरच्या वासाने पाचव्या मिनिटाला बादली दोन दिसायला लागल्या. सातव्या मिनिटाला दार सापडेना. लंकाने बाहेरून उघडलं.

भिंत निळी, बादली निळी, मी निळा. गिटार एका बाजूनेच. दुसरी बाजू सापडली नव्हती.

लंका शेजारच्या रंगूबाईंकडे आंघोळीला जाते. मी ऑफिसात नळावर.

२९ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं की माझ्या कानांना काय झालंय. सांगितलं की वाद्य तयार करतोय. त्यांनी विचारलं कसलं. सांगितलं. म्हणाले, वाजवता येतं का? मी म्हटलं, रंग झाला की.

जाता जाता म्हणाले, मार्चएन्ड आहे, फायलींवर निळे ठसे येतात, जरा बघा.

माणूस रसिक नाही.

४ मार्च, रविवार

आता पद्धत सापडली. सकाळी सहा ते सात. वारा नसतो, रस्ता झोपलेला असतो. अंगणात चार काठ्या रोवून त्यावर आमची मच्छरदाणी लावली. आत गिटार, आत मी. कॉम्प्रेसर बाहेर, नळी आत.

पहिला हात उत्तम. खरंच उत्तम. काचेसारखा. मी श्वास धरून बसलो.

दुसऱ्या हाताला रंगूबाईंनी शेजारच्या अंगणात वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या भाजायला घेतल्या. सकाळी साडेसहाला. ऊन व्हायच्या आत उरकून घेते, असं त्या नंतर म्हणाल्या. पहिली शिंक दाबली. दुसरी दाबली. तिसरीला बोट स्प्रे गनच्या घोड्यावर होतं. रंगाचा लोट एका जागी बसला आणि मधोमध ओघळ आला, मानेच्या खाचेपासून खालपर्यंत.

रंगूबाई कुंपणावरून म्हणाल्या, तो रेघोटा छान दिसतो, नदीसारखा. त्यांना वाटलं मुद्दाम काढलाय.

ओघळ घासायचा. पुन्हा.

६ मार्च, मंगळवार

मच्छरदाणी गिटारवर असल्याने आम्हाला डास चावतात. लंका तक्रार करत नाही, फक्त खाजवते. मी सांगितलं की हे थोड्या दिवसांचं आहे. तिने विचारलं, किती. मी म्हटलं, जयंतीपर्यंत. त्यावर ती म्हणाली, आपली मच्छरदाणी जयंतीपर्यंत तिची आणि आपण काय फक्त रक्त द्यायचं.

एवढं लांब वाक्य ती पूर्वी बोलत नसे. प्रॅक्टिसचा परिणाम.

१७ मार्च, शनिवार

मी वाळलंय का ते बघायला बोट लावतो. आजवर पाच ठसे पडले. पाचही माझे. स्वतःला ताकीद दिली की बोट लावायचं नाही.

संध्याकाळी, फक्त वाळलंय का ते बघायला, सहावा.

२२ मार्च, गुरुवार

रंगपंचमी. शहरात रहाडींवर, म्हणजे रंगाच्या हौदांवर, गर्दी, इथे नाशिक रोडला बादल्या. मी मुद्दाम सकाळी पाचला उठून हात मारला आणि सातच्या आत गिटार घरात आणून कपाटाच्या वर ठेवली. खिडक्या बंद. दाराला कडी. मी दाराला पाठ लावून बसलो.

दहा वाजता ऑफिसचे लोक आले. दार उघडलं नाही. त्यांनी खिडकीच्या वरच्या जाळीतून पिचकारी मारली. मला लागलं नाही. कपाटाच्या वर गेलं.

गुलाबी. निळ्यावर गुलाबी.

लंका गरम चहा घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. म्हणाली, कोंडाजीच्या पाटाला रंग नव्हता तेव्हाच तो छान दिसत होता. मी म्हटलं, तो पाट नाही. ती म्हणाली, माहितीये. मग उगाच माझ्या कानाला लागलेला जुना निळा रंग नखाने काढत बसली.

२५ मार्च, रविवार

निर्णय: पातळ हात हा लहानूचा ट्रकवाला विचार आहे. पातळ हाताला दर वेळी काहीतरी होतं. एकच जाड हात द्यायचा, म्हणजे काही व्हायचं असेल ते एकदाच होईल.

दिला. नंतर धीर आला म्हणून त्यावर आणखी एक. आणि आणखी एक.

धूळ नाही, शिंक नाही, पाणी नाही, ओघळ नाही. पेरूच्या झाडाखाली टांगली होती आणि तिच्यात मला माझा चेहरा दिसला. वरचं आभाळ दिसलं. मी खाली बसलो. खोटं का लिहू, डोळ्यांत पाणी आलं. थिनरमुळेही असेल.

संध्याकाळी लंकाला दाखवली. ती घाईत होती, पण थांबून बघितली. म्हणाली, अशी तर दुकानात पण नसेल. मग प्रॅक्टिसला गेली. आज रविवार, रविवारी प्रॅक्टिस नसते. आता जयंती जवळ आली म्हणून वाढवलीय म्हणे.

१ एप्रिल, रविवार

लहानू आला. आधी गिटार सगळीकडून बघितली. मग वास घेतला. मग विचारलं किती हात मारले. मी सांगितलं. मध्ये किती वाळू दिले. मी सांगितलं की मध्ये काही होऊ नये म्हणून मध्येच ठेवलं नाही.

तो म्हणाला, वरून वाळलीये, आतून कच्ची आहे, महिनाभर तरी अंगाला लावू नका, त्यात हे ऊन.

मी म्हटलं, तेरा दिवस आहेत. आणि अंगाला लावल्याशिवाय गिटार वाजत नाही. तो म्हणाला, वाजते का पण?

सगळे एकच प्रश्न विचारतात.

८ एप्रिल, रविवार

मल्हारी घरी आला. जय भीम झाला. मला वाटलं गिटार बघायला आलाय, म्हणून आधी बघायला दिली नाही. चहा होऊ दिला. मग चादर काढली. तो छान म्हणाला. खरोखर म्हणाला. पण बसला तो कपाळ चोळत.

मग त्याने सांगितलं. कार्यक्रमाची यादी झाली. सुरुवातीची तीन त्याची. त्यानंतरची दोन लंका एकटी गाणार. शेवटचं दोघं मिळून. पॅम्फ्लेटवर नाव छापायला दिलंय. वहिनी तुला सांगायला घाबरते, म्हणून मी आलो.

मी विचारलं, कोण लंका.

त्याने फक्त स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत भांडी वाजायची थांबली होती.

मी म्हटलं, आणि गिटार कुठल्या गाण्यात.

"जयराम, तुला वाजवता येतं का?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. ऑफिसात साहेबाला दिलं तेच उत्तर तोंडात आलं होतं, पण मल्हारीसमोर ते निघालं नाही. बारा वर्षं त्याच्याशेजारी खंजिरी वाजवलीये. मी म्हटलं, अजून तारा चढवायच्यात.

तो उठून गिटारजवळ गेला. मग म्हणाला, स्टेजवर उभा राहा. एवढी मेहनत केलीस. गिटार दिसायला हवी लोकांना. खंजिरीला दुसरा माणूस घेतलाय.

मी हो म्हटलं. एक तपशील स्पष्ट करून घेतला: उभं राहायचं ते पुढे की मागे. म्हणाला, पुढे.

म्हणजे शेवटी पुढेच.

जेवताना लंका समोर बसली होती. माझ्याकडे न बघता भाकरी वाढत होती. मी तिला सांगितलं की स्टेजवर घाबरायचं नाही, मी शेजारी असेन. तिने मान हलवली. भाकरी अर्ध्यावर मोडून माझ्या ताटात ठेवली, मी मागितली नव्हती.

१३ एप्रिल, शुक्रवार

सी.एल. टाकली. मान बसवायला घेतली. खाचेत जाईना. रंगाचे इतके हात त्या खाचेतही गेलेत. कानसीने घासलं, तर कडेचा रंग टवका होऊन उडाला. शेवटी लाकडी हातोडीने बसवली. बसली. थोडी वाकडी बसली, पण समोरून बघणाऱ्याला सरळ वाटते, बाजूने कुणी बघू नये.

सहा तारा चढवल्या. पिकअपला वायर जोडायची राहिली. वेळ नाही. तसंही उद्या वाजणार नाहीच, मग वायरीचा उगाच लोंबकळता त्रास.

चमड्याचा पट्टा लावून गळ्यात घातली. आरशात बघितलं. चांगलं दिसलं. खरंच चांगलं दिसलं.

लंका मागच्या खोलीत गात होती. आज मी तिला हळू गा म्हटलं नाही.

१५ एप्रिल, रविवार

काल जयंती. लिहायला वेळ झाला नाही, कारण माझा शर्ट निघत नव्हता. सविस्तर लिहितो.

नवा पांढरा शर्ट. संध्याकाळी साडेसहाला समाजमंदिरासमोर स्टेज. ऊन उतरलं होतं पण मोठे दिवे लावले होते, त्यांची धग अंगावर येत होती. मी पुढे, उजव्या कोपऱ्यात. गिटार पोटाशी घट्ट धरली, पट्ट्याची करकर नको म्हणून. लोक एकमेकांना दाखवत होते. एका म्हाताऱ्याने बोट केलं. मल्हारीची तीन गाणी झाली. मी प्रत्येक ठेक्याला हात हलवला. आवाज कुठून येतो ते तपासायला कोण येणार.

तिसऱ्या गाण्यानंतर हात उंचावून टाळ्यांना नमस्कार करावा म्हणून गिटार बाजूला करायला गेलो. गिटार आली नाही. शर्ट तिच्याबरोबर आला. रंग दिव्यांच्या धगीने मऊ झाला होता आणि माझ्या पोटाला धरून बसला होता. ओढलं तर शर्टाचं वरचं बटण तुटून स्टेजवर गेलं. मी तसाच उभा राहिलो.

मग माइकवर नाव घेतलं. लंकाबाई गांगुर्डे.

ती मागून आली. पांढरी साडी, निळा काठ. माझ्या बाजूने जाताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. माइकसमोर उभी राहिली, पेटीने सूर दिला.

आता हे नीट लिहायचंय.

मी आजवर ऐकलं होतं ते भाकरीवरचं गाणं. हे ते नव्हतं. पहिली ओळ संपेपर्यंत मागे खुर्च्या हलत होत्या, दुसरीला थांबल्या. पाणीवाल्याने हंडा खाली ठेवला. समोर बायका बसल्या होत्या, त्यातली एक उठून पुढे येऊन बसली. आवाज वर गेला तेव्हा माझ्या मानेवर काटा आला. माझा हात तारांवर होता आणि मी तो हलवायचा विसरलो. ती दोन गाणी गायली आणि त्यातला एक शब्दही मला पाठ नव्हता. पार्टीत बारा वर्षं आहे मी.

लोकांनी टाळ्या दिल्या तेव्हा मला टाळी वाजवता आली नाही. दोन्ही हात गिटारवर. सोडले असते तर सगळं वजन शर्टावर आलं असतं.

शेवटचं गाणं तिने आणि मल्हारीने मिळून म्हटलं. मग भाषणं झाली. तीन. एक तासाच्या वर. मी गिटार पोटाशी धरून उभा. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून खुर्ची द्या म्हटलं. बसलो तर गिटारची मान पुढच्या पाहुण्यांच्या डोक्याला लागत होती, म्हणून परत उठलो.

घरी, जयंतीला आलेल्या लहानूने शर्ट कात्रीने कापून काढला. पोटावरचा चौकोन गिटारवरच राहिला. माझ्या पोटावर निळा डाग आहे, गिटारवर आभाळ दिसायचं तिथे आता शर्टाचं कापड आहे, त्यावर विणीचे बारीक टाके आणि बटणांचे तीन खड्डे. लहानू म्हणाला, महिन्याभराने घासून देतो. मी म्हटलं बघू.

शेजारचे लोक आले ते लंकाला भेटायला. रंगूबाईंनी तिला मिठी मारली. मी मागच्या खोलीत पोटाला रॉकेल लावत होतो.

लंका नंतर आत आली. विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, दुसऱ्या गाण्याच्या शेवटी जरा घाई झाली. ती थांबली. मग मी म्हटलं, नाही झाली.

२९ एप्रिल, रविवार

लासलगावहून पत्र आलं. बुद्धपौर्णिमेला कार्यक्रम. लंकाबाई गांगुर्डे आणि पार्टी. पाकिटावर नाव तिचं, पत्ता माझा. पोस्टमनने मला विचारलं की इथे कोण राहतं हे.

मल्हारी म्हणाला, पेटी उचलायला माणूस लागेल, ढोलकीवाल्याची पाठ धरलीये. मी म्हटलं, येतो. त्याने विचारलं, गिटार? मी म्हटलं, या वेळी व्यवस्था बघतो.

व्यवस्थापक हे पद मल्हारीने दिलेलं नाही. पण कुणी नाकारलेलंही नाही.

१६ मे, बुधवार

काल लासलगाव. पेटी स्टेशनपासून मार्केट यार्डाच्या मैदानापर्यंत मी नेली. वाटेत दोनदा खांदा बदलला. यार्डात कांद्याचे ढीग, ट्रॅक्टर बाजूला लावलेले, मधल्या मोकळ्या जागेत सतरंज्या. माणसं खूप. आजूबाजूच्या गावांतून चालत आलेल्या बायका.

स्टेजवर कलाकारांची नावं वाचली. माझं नाव नव्हतं. मल्हारीने सांगायला हवं होतं, पण त्याच्या लक्षात आलं नसेल. मी पेटी जागेवर ठेवून खाली उतरलो.

लंका चार गाणी गायली. सत्कारात तिला शाल आणि नारळ मिळाला. पुढच्या गाण्याला हात मोकळे हवेत म्हणून ते स्टेजवरून माझ्या हातात दिले. मी ते धरून बाजूला उभा होतो.

शेजारी एक म्हातारी बसली होती. डोळे पुसत होती. तिने मला वर बघून विचारलं, "तुम्ही कोण हो बाबा?"

मी म्हटलं, "लंकाबाईंचा नवरा."

ती सरकली आणि सतरंजीवर माझ्यासाठी जागा केली. मी बसलो. तिने नारळ धरून घेतला, म्हणाली, तुम्ही ऐका.

गिटारचं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.